विषाणूच्या प्रथिनावरील शर्कराकवच कसे वाचावे

अनेक विषाणूंच्या बाह्य आवरणातून जी प्रथिने बाहेर आलेली असतात, ती क्वचितच उघडी असतात. त्यांच्यावर ठिकठिकाणी शर्करेच्या फांदीदार साखळ्या, म्हणजेच ग्लायकन, जोडलेल्या असतात आणि प्रथिनापर्यंत पोहोचण्यासाठी प्रतिपिंडाला या साखळ्यांमधून वाट काढावी लागते. एचआयव्हीच्या जीपी१२० या प्रथिनाच्या वस्तुमानापैकी सुमारे निम्मे वस्तुमान शर्करेचे असते. या विषयावरील लेखनात बहुतेक वेळा एक आकडा दिलेला असतो: अमुक प्रथिनावर इतक्या साखळ्या. केवळ त्या आकड्यावरून कवच किती परिणामकारक आहे हे कळत नाही, असे माझे ठाम मत आहे. कोणती साखळी कोणत्या प्रतिपिंडाची वाट अडवते, हा खरा प्रश्न असून त्याचे उत्तर शोधण्याची पद्धत पुढे क्रमाने दिली आहे. जीवशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमाइतकी तयारी, एक संगणक आणि सर्वांसाठी खुले असलेले विदासंग्रह एवढ्या साधनांवर यातील बहुतेक काम करता येते. प्रयोगशाळेतून आलेला पुरावा कसा तपासावा, हेही योग्य त्या ठिकाणी सांगितले आहे.

शर्करा आड येते म्हणजे काय होते

कवचाचा परिणाम तीन निरनिराळ्या कारणांनी होतो आणि ती कारणे सुरुवातीलाच वेगळी करून ठेवली, तर पुढे गोंधळ होत नाही.

पहिले कारण ओळखीचे आहे. शर्करा जोडणारी स्वतःची यंत्रणा विषाणूकडे सहसा नसते. शैवालांना संसर्ग करणारे क्लोरोव्हायरससारखे काही मोठे विषाणू हा त्यातील लक्षणीय अपवाद होय. माणसाला होणाऱ्या संसर्गात विषाणूचे पृष्ठप्रथिन माणसाच्याच पेशीत, तिच्या आंतर्द्रव्यजालिकेत आणि गॉल्गी संकुलात तयार होते आणि तिथली विकरे आपल्या प्रथिनांवर ज्या साखळ्या बसवतात, त्याच विषाणूच्या प्रथिनावरही बसवतात. स्वतःच्या रेणूंना चिकटणाऱ्या बी पेशी शरीराने बहुतांशी आधीच निष्प्रभ केलेल्या असल्यामुळे अशा शर्करेविरुद्ध प्रतिसाद क्षीण राहतो.

दुसरे कारण आकारमानाचे आहे. नऊ मॅनोज असलेल्या एका साखळीचे वस्तुमान सुमारे १,९०० डाल्टन असते आणि ती प्रथिनाच्या पृष्ठभागापासून २ ते ३ नॅनोमीटर बाहेर पसरू शकते. प्रतिपिंडाचा जो भाग प्रतिजनाला स्पर्श करतो, तोही काही नॅनोमीटरच रुंद असतो. त्यामुळे अगदी थोड्या साखळ्याही योग्य जागी असतील, तर एक संपूर्ण एपिटोप, म्हणजे प्रतिपिंड जिथे चिकटते तो प्रथिनाचा भाग, अप्राप्य होऊ शकतो.

तिसरे कारण हालचालीचे आहे आणि चित्रांमध्ये ते सर्वांत कमी दिसते. ग्लायकन एका जागी स्थिर राहत नाही. वाऱ्यात हलणारी फांदी ज्याप्रमाणे स्वतःच्या जाडीपेक्षा कितीतरी मोठ्या जागेवर सावली धरते, त्याप्रमाणे एक साखळी तिच्या मुळाभोवतीचा बराच मोठा भाग आळीपाळीने झाकत राहते.

पहिली पायरी: अनुक्रमातील ठिकाणे शोधावीत

नत्राच्या अणूमार्फत जोडले जाणारे ग्लायकन ॲस्पॅराजिन या अमिनो आम्लावर बसतात आणि त्यासाठी अनुक्रमात एक ठरावीक खूण लागते. आधी ॲस्पॅराजिन, त्यानंतर प्रोलीन सोडून कोणतेही अमिनो आम्ल आणि तिसऱ्या जागी सेरीन किंवा थ्रिओनिन, अशी ती तीन अक्षरांची खूण असून तिला सिक्वॉन म्हणतात. युनिप्रॉट या विदासंग्रहातून प्रथिनाचा संपूर्ण अनुक्रम घ्यावा आणि ही खूण सुरुवातीपासून शेवटपर्यंत शोधावी. एचआयव्हीसाठी लॉस अलामॉस येथील विदासंग्रहात एन-ग्लायकोसाइट नावाचे साधन उपलब्ध असून ते अनेक अनुक्रमांची तुलना एकाच वेळी करते.

शोध स्वतः करायचा असल्यास एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. दोन सिक्वॉन एकमेकांत गुंतलेले असू शकतात आणि शोधाची साधी सूत्रे एक जुळणी सापडली की तिची तिन्ही अक्षरे ओलांडून पुढे जातात. त्यामुळे दुसरा सिक्वॉन सुटतो. म्हणून प्रत्येक ॲस्पॅराजिनपासून शोध नव्याने सुरू करावा. असे दोन सिक्वॉन अगदी लागून असतील, तर दोन्हींवर साखळी बसेलच असे मानू नये, कारण पहिली साखळी बसल्यावर दुसरीसाठी विकराला जागा उरत नाही.

तिसऱ्या जागी सिस्टीन असतानाही क्वचित साखळी बसते. कोविडच्या सार्स-कोव्ह-२ विषाणूच्या स्पाइक या पृष्ठप्रथिनात ३३४ ते ३३६ या क्रमांकांवर ॲस्पॅराजिन, ल्युसीन आणि सिस्टीन असा क्रम येतो. परंतु तेथील सिस्टीन ३६१ क्रमांकाच्या सिस्टीनशी गंधकबंधाने बांधलेले असते आणि हे ठिकाण ग्लायकनच्या यादीत धरले जात नाही. यादी करताना अशी ठिकाणे वेगळ्या रकान्यात ठेवावीत. प्रथिनाच्या पटलापार जाणाऱ्या भागातील आणि पेशीद्रव्याच्या बाजूला राहणाऱ्या शेपटीतील सिक्वॉन मात्र सरळ वगळावेत, कारण साखळी जोडणारे विकर आंतर्द्रव्यजालिकेच्या आतल्या बाजूलाच काम करते. प्रथिनाला आंतर्द्रव्यजालिकेत नेणारा सुरुवातीचा तुकडा, म्हणजे संकेतखंड, प्रथिन तयार होताना कापला जातो, म्हणून त्यातील ठिकाणेही मोजू नयेत.

क्रमांकन हा या पायरीतील सर्वांत कंटाळवाणा भाग असला, तरी बहुतेक चुका तिथेच होतात. एचआयव्हीच्या ठिकाणांना एचएक्सबी२ या संदर्भ-अनुक्रमाचे क्रमांक देण्याची प्रथा आहे. इन्फ्लुएन्झाच्या हिमॅग्लुटिनिन या पृष्ठप्रथिनासाठी कधी एच१ चे, कधी एच३ चे, कधी संकेतखंडासह तर कधी त्याविना क्रमांक वापरले जातात. एकाच ठिकाणाला दोन निबंधांत दोन क्रमांक असू शकतात आणि तुलना करण्यापूर्वी दोन्ही अनुक्रम एकाखाली एक जुळवून पाहण्यावाचून गत्यंतर नसते.

यादी तयार झाली की तिची व्याप्ती समजण्यासाठी काही ज्ञात आकडे जवळ ठेवावेत. सार्स-कोव्ह-२ च्या १,२७३ अमिनो आम्लांच्या स्पाइक प्रथिनावर २२ ठिकाणे आहेत आणि हे प्रथिन तीन समान घटकांचे मिळून बनत असल्यामुळे एका संपूर्ण स्पाइकवर ६६ ठिकाणे होतात. लासा विषाणूच्या प्रथिनावर प्रत्येक घटकामागे ११ ठिकाणे आहेत. एचआयव्हीच्या जीपी१२० वर साधारण २५ असतात, मात्र उपप्रकारांनुसार हा आकडा बराच बदलतो.

दुसरी पायरी: साखळी खरोखर बसली आहे का, आणि कोणती

सिक्वॉन म्हणजे केवळ शक्यता होय. त्या जागी साखळी प्रत्यक्षात किती रेणूंवर बसलेली आहे आणि ती कोणत्या प्रकारची आहे, हे अनुक्रम सांगत नाही. थ्रिओनिन असलेला सिक्वॉन सेरीन असलेल्या सिक्वॉनपेक्षा सामान्यतः अधिक वेळा भरलेला आढळतो, एवढा अंदाज मात्र अनुक्रमावरून बांधता येतो.

साखळीचा प्रकार समजण्यासाठी तिचा प्रवास माहीत असावा लागतो. आंतर्द्रव्यजालिकेत प्रथिनावर प्रथम १४ शर्करांचा एक तयार संच जोडला जातो. त्यात ३ ग्लुकोज, ९ मॅनोज आणि २ एन-ॲसिटिलग्लुकोसामाइन असतात. ग्लुकोजचे घटक काढले जात असताना प्रथिनाची घडी नीट बसली आहे की नाही हे पेशी तपासते. त्यानंतर मॅनोज एकेक करून छाटले जातात आणि गॉल्गी संकुलात नव्या शर्करा जोडल्या जाऊन गॅलॅक्टोज, फ्यूकोज आणि सियालिक आम्ल असलेली संकुल साखळी तयार होते. ही छाटणी करणाऱ्या विकरांना साखळीपर्यंत पोहोचता आले नाही, तर ती मॅनोजबहुल अवस्थेतच राहते.

या शेवटच्या वाक्यात वाचकासाठी मोठी माहिती दडलेली आहे. एखाद्या ठिकाणी मॅनोजबहुल साखळी सापडली, तर ती जागा दाटीची किंवा आडोशाची आहे असा तर्क करता येतो, कारण जिथे विकराला शिरता आले नाही तिथे त्याहून मोठ्या प्रतिपिंडालाही शिरणे कठीण जाते. एचआयव्हीच्या ३३२ क्रमांकाच्या ॲस्पॅराजिनभोवती अशा साखळ्यांचा मोठा समूह आहे. सार्स-कोव्ह-२ च्या स्पाइकवर २३४ क्रमांकाची साखळी अशीच मॅनोजबहुल राहते; मात्र त्या प्रथिनावरील बहुतांश साखळ्या संकुल प्रकारच्या आहेत आणि त्यावरून त्याचे कवच एचआयव्हीच्या कवचाइतके दाट नाही, हे साउदॅम्प्टन येथील मॅक्स क्रिस्पिन यांच्या गटाने २०२० मध्ये प्रत्येक ठिकाणाचे विश्लेषण करून दाखवले.

प्रयोगशाळेतील पुरावा तपासताना दोन विकरांची नावे सतत भेटतात. पीएनगेझ-एफ हे विकर ॲस्पॅराजिन आणि पहिली शर्करा यांमधील बंध तोडते आणि जवळजवळ सर्व प्रकारच्या साखळ्या काढून टाकते. कीटकपेशींत आढळणाऱ्या विशिष्ट जोडणीच्या फ्यूकोजमुळे मात्र ते अडते. एंडो-एच हे विकर पहिल्या दोन शर्करांच्या मधोमध कापते, पण केवळ मॅनोजबहुल आणि संकरित, म्हणजे अर्धवट मॅनोजबहुल व अर्धवट संकुल, साखळ्याच कापते. त्यामुळे जेलवर तोच नमुना विकराविना, एंडो-एचसह आणि पीएनगेझ-एफसह शेजारी शेजारी चालवला असेल, तर पट्टा किती खाली सरकला यावरून एकूण शर्करा किती आणि त्यातील मॅनोजबहुल किती, याचा ढोबळ अंदाज येतो. कोणत्या ठिकाणी काय आहे, हे मात्र जेल सांगू शकत नाही.

ते सांगते मास स्पेक्ट्रोमेट्री. प्रथिनाचे विकराने तुकडे करून प्रत्येक तुकडा त्यावरील साखळीसकट मोजला जातो. पीएनगेझ-एफने साखळी काढल्यावर ॲस्पॅराजिनचे ॲस्पार्टिक आम्लात रूपांतर होते आणि तुकड्याचे वस्तुमान सुमारे १ डाल्टनने वाढते. या फरकावरून ते ठिकाण भरलेले होते असे ओळखतात. परंतु असा बदल नमुना ठेवून दिल्यानेही आपोआप होऊ शकतो. म्हणून काळजी घेणारे संशोधक ही क्रिया ऑक्सिजनच्या १८ वस्तुमानांकाच्या समस्थानिकाच्या पाण्यात करतात, ज्यामुळे फरक सुमारे ३ डाल्टनचा होतो आणि संशयाला जागा उरत नाही. निबंध वाचताना ही काळजी घेतली आहे का, हे पद्धतीच्या प्रकरणात अवश्य पाहावे.

त्याहूनही आधी पाहण्याची गोष्ट म्हणजे प्रथिन कोणत्या पेशीत बनवले होते. जिवाणूत बनवलेल्या प्रथिनावर हे ग्लायकन मुळातच नसतात, यीस्टमध्ये मॅनोजची भरमार होते, कीटकपेशींत साखळ्या आखूड राहतात आणि मानवी किंवा इतर सस्तन पेशींत त्या संसर्गातील साखळ्यांच्या जवळपास जातात. प्रथिनाची अवस्थाही महत्त्वाची आहे: एचआयव्हीचे जीपी१२० सुटे बनवले, तर विकरांना त्यावर मोकळेपणाने काम करता येते आणि साखळ्या अधिक संकुल होतात; तेच प्रथिन त्रिकात, म्हणजे विषाणूवर असते तशा तीन घटकांच्या जुळणीत, असताना दाटीमुळे साखळ्या मॅनोजबहुल राहतात. सुट्या घटकावरचे निष्कर्ष विषाणूवर असलेल्या त्रिकाला लावणे ही चूक अजूनही अधूनमधून वाचायला मिळते आणि ती टाळण्याजोगी आहे.

तिसरी पायरी: साखळ्या त्रिमितीय रचनेवर ठेवून पाहाव्यात

प्रोटीन डेटा बँकेतून प्रथिनाची रचना उतरवून कायमेराएक्स किंवा पायमॉल यांसारख्या साधनात उघडली, की शर्करा दिसतात. पण त्या फारच थोड्या दिसतात. अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनात आणि स्फटिकशास्त्रात जे हलते ते पुसट होते, त्यामुळे साखळीच्या मुळाशी असलेल्या एकदोन शर्कराच रचनेत नोंदवलेल्या असतात. काही ठिकाणी तर साखळी असूनही रचनेत तिचा मागमूस नसतो. रचनेत जे दिसते तेच कवच आहे असे समजून प्रथिनाचा बराच भाग उघडा असल्याचा निष्कर्ष काढणे, हा नवशिक्याचा सर्वांत सामान्य गैरसमज असतो.

म्हणून दुसऱ्या पायरीतील यादी हाताशी घेऊन प्रत्येक ठिकाणी पूर्ण साखळी उभारावी. चार्म-जीयूआय आणि ग्लायकॅम या संकेतस्थळांवर त्यासाठी साधने आहेत. एकाच स्थितीतील साखळी पुरत नाही. निरनिराळ्या स्थितींतील अनेक प्रतिमा एकमेकांवर ठेवाव्यात किंवा शक्य असल्यास रेणूगतिकीच्या अनुकरणातून, म्हणजे रेणूंची हालचाल संगणकावर घडवून, त्या मिळवाव्यात. त्यानंतर पृष्ठभागाचा कोणता भाग बाहेरून गाठता येतो याची गणना करताना चाचणीगोलाचा, म्हणजे पृष्ठभागावरून फिरवून पाहिल्या जाणाऱ्या काल्पनिक गोलाचा, आकार विचारपूर्वक निवडावा. या गणनेत सवयीने १.४ अँगस्ट्रॉम (१ अँगस्ट्रॉम म्हणजे ०.१ नॅनोमीटर) त्रिज्येचा, म्हणजे पाण्याच्या रेणूएवढा, गोल वापरला जातो. पाण्याचा रेणू साखळ्यांमधून सहज आत जातो, प्रतिपिंड जात नाही. १० अँगस्ट्रॉम किंवा त्याहून मोठा गोल घेऊन तीच गणना केली, की उघडा वाटणारा बराच पृष्ठभाग नाहीसा होतो आणि दोन्ही उत्तरांतील फरक हेच त्या कवचाचे माप ठरते.

संपूर्ण त्रिक समोर ठेवूनच हे काम करावे, कारण एका घटकाचा एपिटोप शेजारच्या घटकावरील साखळीने झाकलेला असू शकतो. शिवाय प्रथिनाच्या एकाहून अधिक अवस्था असतील, तर प्रत्येक अवस्था वेगळी तपासावी. स्पाइकचा ग्राहीला चिकटणारा भाग खाली मिटलेला असताना बराचसा सुरक्षित असतो आणि ग्राहीला चिकटण्यासाठी त्याला वर उघडावेच लागते. येथे एक सुंदर गुंतागुंत आहे: १६५ आणि २३४ क्रमांकांच्या साखळ्या उघडलेल्या भागाला खालून आधार देतात, असे रोमी अमारो यांच्या गटाच्या अनुकरणांतून २०२० मध्ये दिसले. म्हणजे शर्करा केवळ झाकत नाही, तर प्रथिनाच्या कामातही भाग घेते. त्यामुळे एखाद्या साखळीचा परिणाम दिसला की तो लपवण्यामुळेच झाला असे लगेच मानू नये.

चौथी पायरी: ज्ञात प्रतिपिंडे त्यावर बसवून पाहावीत

कवचाचा अर्थ प्रतिपिंडाविना लागत नाही. त्याच विषाणूविरुद्धच्या प्रतिपिंडांच्या ज्या रचना उपलब्ध आहेत, त्या साखळ्या उभारलेल्या प्रतिकृतीवर ठेवाव्यात आणि प्रत्येकाच्या वाटेत कोणती साखळी येते, ती प्रतिपिंडाच्या आड येते, बाजूला सरते की प्रतिपिंडच तिला धरते, याची नोंद करावी. एकच साखळी एका प्रतिपिंडासाठी अडथळा आणि दुसऱ्यासाठी आधार असू शकते. माझ्या दृष्टीने संपूर्ण विषयातील सर्वांत शिकवणारी बाब हीच आहे.

एचआयव्हीच्या प्रतिपिंडांत याची उत्तम उदाहरणे सापडतात. २जी१२ हे प्रतिपिंड प्रथिनाला जवळजवळ स्पर्शच करत नाही. ते मॅनोजबहुल साखळ्यांच्या दाट समूहालाच चिकटते. आपल्या स्वतःच्या प्रथिनांवर या साखळ्या सुट्या असतात, इतक्या दाटीने एकत्र नसतात आणि विषाणूची ही दाटीच त्याला परकी ठरवते. पीजी९ हे प्रतिपिंड १६० क्रमांकाच्या साखळीला धरून तिच्या मधून आत पोहोचते, तर पीजीटी१२१ आणि त्याच्यासारखी इतर प्रतिपिंडे ३३२ क्रमांकाच्या साखळीवर अवलंबून असतात. विषाणू ३३२ ची साखळी टाळून ती दोन अमिनो आम्ले पुढे, ३३४ वर, नेतो तेव्हा यांतील अनेक प्रतिपिंडे निकामी होतात. येथे साखळ्यांची एकूण संख्या बदललेली नसते. म्हणून केवळ मोजदाद करणाऱ्याला या बदलाचा पत्ताच लागत नाही.

व्हीआरसी०१ हे प्रतिपिंड सीडी४ ग्राही जिथे चिकटतो तिथे बसते आणि त्याच्या वाटेत २७६ क्रमांकाची साखळी येते. परिपक्व झालेले प्रतिपिंड तिला सामावून घेते, पण ज्या मूळ बी पेशीपासून ते घडते तिला हे जमत नाही. या निरीक्षणावरून लसीचा एक नवा मार्ग निघाला: ती साखळी नसलेले ईओडी-जीटी८ नावाचे प्रतिजन तयार करून मूळ बी पेशींना प्रथम जागे करायचे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवी चाचणीत लस दिलेल्या ३६ जणांपैकी ३५ जणांत अपेक्षित प्रकारच्या बी पेशी वाढल्या. हे केवळ पहिले पाऊल होते. विषाणूला निष्प्रभ करणारी परिपक्व प्रतिपिंडे त्यातून मिळालेली नव्हती.

सार्स-कोव्ह-२ च्या बाबतीत एस३०९ हे प्रतिपिंड पाहावे. २००३ मध्ये सार्स झालेल्या व्यक्तीच्या बी पेशींतून ते मिळाले आणि सोट्रोव्हिमॅब हे औषध त्यावरूनच तयार झाले. ते ३४३ क्रमांकाच्या साखळीसकट प्रथिनाला चिकटते आणि सार्सच्या दोन्ही विषाणूंत ही साखळी समान जागी टिकून असल्यामुळे दोन्हींवर चालते.

याच पायरीत कवचातील भोकांचाही शोध घ्यावा. बहुतेक उपप्रकारांत भरलेले एखादे ठिकाण आपण अभ्यासत असलेल्या उपप्रकारात रिकामे असेल, तर तिथे उघड्या पडलेल्या प्रथिनाकडे प्रतिसाद ओढला जातो. एचआयव्हीच्या बीजी५०५ या उपप्रकारावर आधारित त्रिक सशांना टोचल्यावर तयार झालेली प्रतिपिंडे मोठ्या प्रमाणात २४१ आणि २८९ या रिकाम्या ठिकाणांभोवतीच्या भोकाकडे वळली. ती बीजी५०५ ला उत्तम रोखत, पण जिथे या साखळ्या शाबूत आहेत त्या उपप्रकारांवर त्यांचा उपयोग होत नसे. लसीच्या निकालात ‘तोच उपप्रकार उत्तम रोखला गेला’ एवढेच लिहिलेले असेल, तर प्रथम भोक कुठे आहे ते शोधावे.

पाचवी पायरी: कालानुसार झालेले बदल वाचावेत

कवच विषाणूसोबत बदलते. एचआयव्हीत हा बदल एकाच रुग्णाच्या शरीरात काही महिन्यांत दिसतो, तर इन्फ्लुएन्झात तो जगभरच्या लोकसंख्येत दशकानुदशके दिसतो. निरनिराळ्या वर्षांतील अनुक्रम घेऊन प्रत्येक वर्षासाठी पहिली पायरी पुन्हा करावी आणि ठिकाणे कधी आली, कधी गेली याचा तक्ता मांडावा.

एच३एन२ इन्फ्लुएन्झा १९६८ मध्ये माणसांत पसरू लागला, तेव्हा त्याच्या हिमॅग्लुटिनिनच्या शिरोभागावर मोजकीच ठिकाणे होती. नंतरच्या दशकांत ती टप्प्याटप्प्याने वाढत गेली. एच१एन१ चा इतिहास आणखी बोलका आहे. १९१८ च्या आणि २००९ च्या महासाथींतील विषाणूंच्या शिरोभागाचा माथा साखळ्यांविना उघडा होता, तर मधल्या काळात हंगामी एच१एन१ ने तिथे साखळ्या मिळवल्या होत्या. बालपणी १९१८ च्या जवळच्या विषाणूंशी गाठ पडलेल्या वृद्धांना २००९ मध्ये तुलनेने संरक्षण मिळाले, त्यामागे दोन्ही माथ्यांचे हे साम्य एक कारण मानले जाते. पुढे २०१५ च्या सुमारास २००९ च्या वंशातील विषाणूतही १६२ क्रमांकावर नवीन ठिकाण आले आणि ते पसरले.

लसीच्या दृष्टीने एच३एन२ चे १५८ क्रमांकाचे ठिकाण नीट अभ्यासण्याजोगे आहे. २०१४ च्या सुमारास पसरलेल्या वंशात १६० क्रमांकावर थ्रिओनिन आल्यामुळे १५८ वर साखळी बसू लागली. परंतु लसीसाठी तोच विषाणू कोंबडीच्या अंड्यात वाढवताना १६० वर पुन्हा लायसिन आले आणि साखळी गेली. २०१६-१७ च्या हंगामात अंड्यात वाढवलेल्या लसीने जी प्रतिपिंडे निर्माण झाली, त्यांतील बरीचशी प्रत्यक्ष पसरणाऱ्या साखळीयुक्त विषाणूला नीट चिकटत नव्हती. लसीचा आणि साथीचा अनुक्रम शेजारी ठेवून एका सिक्वॉनची तपासणी केली, तर हा फरक काही मिनिटांत दिसतो.

ठिकाण नाहीसे होण्याकडेही तितकेच लक्ष द्यावे. सार्स-कोव्ह-२ च्या डेल्टा उपप्रकारात १९ क्रमांकाच्या थ्रिओनिनऐवजी आर्जिनिन आल्याने १७ वरील सिक्वॉन मोडला. मूळ सार्स विषाणूत ३५७ क्रमांकावर असलेले ठिकाण सार्स-कोव्ह-२ मध्ये, तिथल्या क्रमांकानुसार ३७० वर, मोडलेले आढळते, कारण ३७२ वर थ्रिओनिनऐवजी ॲलनिन आहे. अशा बदलामागे प्रतिपिंडे टाळणे हेच कारण असेल असे नाही. ग्राहीशी जोडणी, प्रथिनाची घडी आणि शेजारच्या अमिनो आम्लांचे बदल हीही कारणे असू शकतात. प्रतिपिंडाच्या चाचणीचा पुरावा नसेल, तर तक्त्यात ‘ठिकाण गेले’ एवढेच लिहावे आणि कारणाचा रकाना रिकामा ठेवावा.

शर्करेची किंमत विषाणूलाही मोजावी लागते, हे कारणांचा विचार करताना विसरू नये. फुप्फुसातील सर्फॅक्टंट प्रथिन-डी मॅनोजबहुल साखळ्यांना धरून इन्फ्लुएन्झाला रोखते. साखळ्या कमी असलेला २००९ चा विषाणू त्याला फारसा दाद देत नव्हता. लाल शैवालातून मिळालेले ग्रिफिथ्सिन हे प्रथिन एचआयव्हीच्या मॅनोजलाच चिकटून त्याला अडवते. ग्राहीच्या फार जवळ बसलेली साखळी विषाणूच्या स्वतःच्या जोडणीतही अडथळा आणते. अमर्याद साखळ्या वाढवणे विषाणूला परवडत नाही, ते यामुळेच.

सिक्वॉन नसलेली शर्करा

वरील सर्व पद्धत ॲस्पॅराजिनवरील साखळ्यांची आहे. सेरीन आणि थ्रिओनिन यांच्या ऑक्सिजनमार्फत जोडल्या जाणाऱ्या साखळ्यांना अशी ठरावीक खूण नसते, त्यामुळे त्यांचा अंदाज अनुक्रमावरून खात्रीने बांधता येत नाही. इबोलाच्या पृष्ठप्रथिनात सुमारे १५० अमिनो आम्लांचा म्युसिनसदृश भाग असून तो अशा साखळ्यांनी भरलेला असतो आणि खालच्या एपिटोपवर जाड आच्छादन धरतो. रचना मिळवण्यासाठी हा भाग अनेकदा कापून टाकलेला असतो. म्हणून इबोलाची रचना पाहताना तो तिथे आहे का, हे आधी तपासावे. सेरीन, थ्रिओनिन आणि प्रोलीन यांची दाटी दिसली की तिथे अशा साखळ्यांची शक्यता नोंदवावी आणि पुढची खात्री मास स्पेक्ट्रोमेट्रीवर सोडावी.

नोंद कशी ठेवावी

प्रत्येक ठिकाणासाठी एक ओळ असावी. तिच्यात क्रमांक आणि क्रमांकनाची पद्धत, उपप्रकाराचे नाव, ठिकाण भरलेले असल्याचा पुरावा, साखळीचा प्रकार, प्रथिन बनवलेली पेशी, प्रथिन सुटे होते की त्रिकात, जवळचे एपिटोप आणि ज्या प्रतिपिंडांवर परिणाम होतो त्यांची नावे असावीत. पुरावा आणि अंदाज यांसाठी दोन वेगळे रकाने ठेवावेत आणि अंदाजाच्या रकान्यातील मजकूर पुराव्याच्या रकान्यात नेताना प्रत्येक वेळी तो कोणत्या प्रयोगावरून नेला, याची तारीखवार नोंद करावी. नवीन उपप्रकार आला, की संपूर्ण तक्ता नव्याने करण्याची गरज नसते: बदललेल्या अमिनो आम्लांच्या दोन जागा आधीपासून दोन जागा पुढपर्यंत सिक्वॉन मोडला किंवा घडला का एवढे पाहावे आणि तसे झाले असेल, तर केवळ त्या ओळीसाठी दुसऱ्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करावी.